तांबडीचा आवाज

साखळीच्या टोकाला पट्टा होता आणि पट्ट्यात कुत्रा नव्हता. पट्टा तुटलेला नव्हता, बक्कल लावलेलंच होतं. हातात घेतला तर आतून ओला होता. ओट्याच्या कडेला रक्त फार नव्हतं, पळीभर असेल. तिथून ज्वारीच्या वावरापर्यंत धुळीत एक रेघ गेली होती, कुणी भरलेलं पोतं ओढत नेल्यासारखी. रेघ जिथं वावरात शिरली तिथं चार ताटं मोडली होती. त्यापुढं ज्वारी जशीच्या तशी उभी.

उजाडलं होतं. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि मग सुधाकरला फोन लावला. आधी पाणी का ठेवलं ते माहीत नाही. सुधाकर माझा मुलगा, शहरात राहतो. म्हटलं, ब्रूनोला बिबट्यानं नेलं. तो मग म्हणाला, "बाहेर बांधला होता का?"

तू बरी आहेस का, हे त्यानं नंतर विचारलं. विचारलं नाही असं नाही. पण नंतर.

आता ज्वारी पुन्हा हुरड्यात आली आहे. कणसात दूध भरलं की वावराला कोवळा, जरासा आंबूस वास येतो. सकाळी बांधावरून चाललं तर दवानं लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत भिजतो. शहरातली माणसं या दिवसांत गाड्या भरून आमच्या फुलंब्रीकडं येतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं चोळून खातात, फोटो काढतात आणि म्हणतात, किती शांत आहे इथं. मला या दिवसांतली शांतता आवडत नाही. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. आत कोण बसलंय ते दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी बसलेलं होतं. परवा बांधावर पुन्हा ठसा उठला, आणि काल वनखात्याची पोरगी मोटारसायकलवर येऊन माझ्या ओट्यावर बसून गेली.

त्या हिवाळ्यात आधी वस्तीवरची दोन कुत्री गेली. एक लंगडं, एक पांढरं. त्यांना नावं नव्हती. सकाळी भाकरीच्या तुकड्यासाठी दारात कुणी येत नाही, हे आठवडाभरानं लक्षात आलं. माणसं म्हणाली, गेली असतील कुठं. मग सरपंचाच्या भावाची जर्सी कालवड गेली. त्या दिवशी सरपंच आला, पेपरवाला आला, वनखात्याची जीप आली. कालवड जाईपर्यंत बिबट्या आलाच नव्हता म्हणायचा. कुत्री खाल्ली ती त्यानंच, पण ती कुणाची नव्हती, म्हणून त्याचं येणं कालवडीपासून धरलं.

ब्रूनो त्याच सुमारास आला. सुधाकर आणि माझी सून मनीषा रविवारी हुरडा खायला आले तेव्हा त्याला घेऊन आले आणि जाताना ठेवून गेले. त्यांच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार केली होती, हा भुंकतो म्हणून. इथं कुत्रं भुंकलं नाही तर शिव्या खातं. मनीषा म्हणाली, महिनाभर ठेवा आई, तोवर आम्ही दुसरं घर बघतो. तिनं एक पिशवी दिली. तिच्यात वाटी, ब्रश, गोधडी, लाल स्वेटर आणि एक पुस्तक. पुस्तकात त्याचा फोटो, जन्मतारीख आणि टोचलेल्या सुया लिहिलेल्या. मी दोनदा बाळंत झाले, दोन्ही वेळचा कागद घरात कुठं नाही. ते पुस्तक मी ट्रंकेत ठेवलं, लुगड्यांच्या खाली.

मला जनावरांचा लळा नाही. हे सांगते, कारण म्हातारी एकटी राहते म्हणजे शेळीशी बोलत असेल, असं लोकांना वाटतं. मी बोलत नाही. शेळी दूध देते, मी चारा देते, त्यात बोलण्यासारखं काही नाही. माझ्या शेळीला तांबडी म्हणतात, कारण ती तांबडी आहे. ब्रूनोला ब्रूनो का म्हणतात ते मी मनीषाला विचारलं होतं. ती म्हणाली, असंच. ज्याचं नाव असंच ठेवलं त्याच्यासाठी ती रडली, हे मी नंतर पाहिलं. खोटं रडली असं म्हणत नाही.

खरं आणि खोटं मला या बाबतीत कधी धड कळलेलं नाही. माझ्या नवऱ्यानं एका पोळ्याला बैलाची शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली, पुरणपोळी भरवली आणि त्याच्या पाया पडला. पुढच्याच महिन्यात तो बैल शहरात छावणीच्या गुरांच्या बाजारात नेऊन विकला. मी बरोबर होते. दावं बदलताना तो बैलाकडं बघत नव्हता. वाटेत मी त्याला ढोंगी म्हणाले. तो म्हणाला, "पाया पडलो ते बी खरं, आन इकला ते बी खरं." मला तेव्हा पटलं नाही. आता तो नाही, तरी मधूनमधून मी त्याच्याशी त्यावरून भांडते. रोही म्हणजे नीलगाई, त्या आमची तूर खाऊन जातात, त्यांना मारलं तर गुन्हा. घूस मारली तर कुणी विचारत नाही. मोर पेरलेले दाणे टिपतो आणि पाव्हणी बाई पोराला उचलून दाखवते, बघ मोर. ही उतरंड कुणी रचली, आणि रचताना माझ्यासारखीला का विचारलं नाही, असं वाटतं. पण विचारलं असतं तर मीही माझ्या फायद्याचीच रचली असती.

ब्रूनो आला आणि अंडी कमी झाली. माझ्या सहा कोंबड्या. त्यांना झाकायच्या बांबूच्या डाल्याखाली रोज चार तरी अंडी मिळायची, ती दोनवर आली. एके दिवशी एकच. मी त्याच्याकडं बघायची. तो शेपूट हलवायचा. शेपूट हलवणाऱ्यावर माझा आधीपासून विश्वास नाही. रात्री तो घरात गोधडीवर झोपायचा आणि पहाटे दार उघडलं की सगळ्यांत आधी बाहेर जायचा. इतकी घाई कशाची, असं मी मनात धरून ठेवलं.

वनखात्याची पोरगी म्हणजे शीतल. खाकी कपडे, पाठीला पिशवी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. सरकारी माणूस हसून बोलला की मी दोन पावलं मागं सरते, आणि ती हसूनच बोलत होती. म्हणाली, आजी, वस्तीच्या कडेला पिंजरा लावणार आहोत, शेळी लागंल. वस्तीवर शेळ्या बक्कळ. एकट्या सरपंचाच्या भावाकडं वीस. मी म्हटलं, कालवड त्याची गेली, शेळी माझी का? ती म्हणाली, "सगळ्या वस्तीत तुमच्या तांबडीचा आवाज लई मोठा हाय. मी काल रस्त्यावरून ऐकला."

मला ते खरं वाटलं नाही. सरपंचानं सांगितलं असणार, म्हातारी एकटी आहे, तिच्यामागं बोलणारं कुणी नाही.

शब्बीरभाई त्या वेळी ओट्यावर होता. तो शेळ्या-बोकडांचा व्यापार करतो, वस्त्या फिरतो, बाजाराच्या दिवशी छावणीत असतो. चाळीस वर्षांची ओळख, पण मी त्याच्यासमोर शेळीची तारीफ कधी करत नाही आणि तो माझ्यासमोर कधी करत नाही. शीतल पाणी प्यायला आत गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, समझो जरा. हिचं करडू पंधरा दिसांचं हाय. करडू घरी ठिवलं आन हिला पिंजऱ्यात घातलं, तर रातभर हाका मारनार. त्यांना आवाज तोच पायजे."

मग मला कळलं. शेळी लागत नव्हती, करडापासून तोडलेली शेळी लागत होती.

शीतल बाहेर आल्यावर मी तिला तोंडावर विचारलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, व्हय, तसंच करतात. मागचा कप्पा वेगळा असतो, मधी जाळी असते. बिबट्या पुढून शिरतो, दार पडतं. शेळीला नखसुद्धा लागत नाय. मी म्हटलं, मग तुझ्या घरची बांध. ती म्हणाली, माझी आई चौथ्या मजल्यावर राहती, आजी, तिच्याकडं तुळसच हाय.

शेवटी दिली. शब्बीरभाईच्या सांगण्यावरून नाही आणि शीतलच्याही नाही. वस्तीवरची पोरं शाळेत जायची थांबली होती आणि पोरांच्या आया पाण्याला जाताना माझ्या दाराकडं बघायला लागल्या होत्या. बोलत कुणी नव्हतं. नुसतं बघणं मला सोसत नाही.

पिंजरा ज्वारीच्या आणि तुरीच्या मधल्या पडीक तुकड्यात लावला, माझ्या ओट्यापासून हाक जाईल इतक्या अंतरावर. वरून तुरीच्या फांद्या टाकल्या. शीतल रोज सकाळी येऊन मागच्या कप्प्यात चारा-पाणी ठेवायची. तिनं सगळ्यांना बजावलं, दिवस कलला की कुणी तिकडं फिरकायचं नाही, माणसाचा वास लागला की तो येत नाही. पहिल्या रात्री तांबडी ओरडली. घरात करडू ओरडलं. तिनं हाक दिली की यानं द्यायची. ब्रूनो दोघांच्या मधे कान टवकारून बसला होता. सकाळी मी पिंजऱ्याजवळ गेले तर तिचं थान ताठून चकाकत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी मी करडू पदराखाली घेतलं आणि गेले. ही काही हिंमत नव्हती. दुभती शेळी अशी ठेवली तर आटते, मला तांबडी आटवायची नव्हती. मागच्या कप्प्याची कडी काढली आणि करडू आत सोडलं. ते गुडघ्यावर बसलं, थानाला धडका मारू लागलं, आणि त्याचं शेपूट असं हलायला लागलं की मोजता येऊ नये. तांबडी मान वळवून त्याचं अंग हुंगत होती. समोर ज्वारी होती. वारा नव्हता. एका जागी मात्र पानं हलत होती, मग थांबली. मी त्या जागेकडं बघत उभी राहिले. करडू पिऊन झाल्यावर उचललं आणि घरी आले. पळाले नाही, कारण मला पळता येत नाही.

त्या रात्री तांबडी गप्प होती. थान मोकळं झालेली शेळी बसून रवंथ करते, तिला कुणाला बोलवायचं नसतं. मी रोज संध्याकाळी जात राहिले. कुणाला सांगितलं नाही. मनात असं होतं, की बघू तुमचा पिंजरा माझ्या शेळीला कसा राबवतो.

पाचव्या दिवशी शीतल म्हणाली, बिबट्या पिंजऱ्याच्या शेजारून जातो, पण थांबत नाही. ठसे सरळ तुमच्या घराकडं येऊन परत फिरलेत. मग विचारलं, "आजी, शेळी रातची ओरडती ना?"

मी म्हटलं, मी म्हातारी, मला रातचं काय ऐकू येतंय.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाली, ब्रूनोला आत बांधा.

त्याच संध्याकाळी डाल्याखाली एकही अंडं नव्हतं आणि ब्रूनोच्या गोधडीजवळ कवचाचा तुकडा सापडला. मी तो त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं हुंगला आणि शेपूट हलवलं. मला राग आला. कितीतरी दिवसांचा राग होता आणि सगळा अंड्यांचा नव्हता. त्याचं पुस्तक, त्याचा स्वेटर, दर दोन दिवसांनी मनीषाचा फोन, त्यानं काय खाल्लं, त्याला थंडी वाजते का. तांबडी तिकडं लोखंडात बसली होती, तिला थंडी वाजते का हे कुणी विचारत नव्हतं. मी त्याला ओट्यावर साखळीनं बांधलं. पट्टा मानेला घासत होता, केस गेले होते, म्हणून दोन भोकं सैल केला. स्वेटर घातला नाही. तो थोडा वेळ दारावर पंजा ओढत होता, मग थांबला. पहाटे एकदाच भुंकला, अर्धंच. मला वाटलं, घूस असेल.

सुधाकर आणि मनीषा नऊ वाजेपर्यंत आले. मनीषा चपला न काढता रेघेवरून ज्वारीपर्यंत चालत गेली आणि तिथं खाली बसली. शीतलही आली होती. सुधाकर तिला म्हणाला, पंचनामा करा. शीतल म्हणाली, गाय, बैल, शेळी असेल तर कागद आहे साहेब, कुत्र्यासाठी त्या कागदात जागा नाही. सुधाकर म्हणाला, म्हणजे शेळी गेली असती तर लिहिलं असतं? ती म्हणाली, हो. तो हसला. माझ्या मुलाला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मनीषा उठून माझ्याजवळ आली. पट्टा तिच्या हातात होता. म्हणाली, "आई, बाहेर का बांधला?"

"अंडी खायचा," मी म्हटलं.

तिनं ट्रंकेतलं पुस्तक मागितलं, पिशवी भरली आणि गाडीत जाऊन बसली. मी केलेला चहा दोघांनीही घेतला नाही. त्यांना माझा संशय आला होता. तो बरोबर होता, पण त्यांना वाटला तेवढाच नव्हता. मी बाहेर बांधला एवढंच त्यांना कळलं. तांबडी गप्प का होती ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी गेले नाही. करडू दाव्याला ओढ देत होतं, त्याला वस्तीवरच्या दुसऱ्या शेळीचं दूध बोटानं चाटवलं. तांबडीनं हाका मारायला सुरुवात केली. दोन रात्री मारत होती. दुसऱ्या रात्री तिचा आवाज बसला, तरी थांबली नाही. मी दार लावून बसले होते. कानात बोटं घातली नाहीत. ऐकायला पाहिजे असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना दार पडल्याचा आवाज आला. लोखंड लोखंडावर आपटलं आणि मागून असा आवाज आला की कोंबड्या एका जागी गोळा झाल्या.

तासाभरात दोनशे माणूस जमलं असेल. आजूबाजूच्या गावांतून, फुलंब्रीतून, मोटारसायकलींवर. बिबट्याच्या नाकावरचं कातडं गजावर आपटून निघालं होतं. माणसं त्याला शिव्या देत होती आणि त्याच्याबरोबर फोटो काढत होती, तीच माणसं. एका बाईनं देवीचं वाहन म्हणून लांबूनच हळद-कुंकू टाकलं. कालवडवाला काठी घेऊन आला होता, त्याला शीतलनं अडवलं. एक जण म्हणाला, बिचाऱ्याला पाणी तरी पाजा. जाळीच्या मागं तांबडी चारही पाय ताठ करून उभी होती, तिच्याकडं कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात कोपऱ्यात तिचा एक कान आहे. तो कान आहे हे मला माहीत म्हणून दिसतो.

शब्बीरभाई गर्दीतून वाट काढत आला. त्यानं बिबट्याकडं मान वळवलीसुद्धा नाही. मागून वाकून तांबडीकडं बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, पैले दूध काढा. थान दगड झालंय."

दूध जमिनीवर काढलं. पहिली धार तांबूस आली.

बिबट्याला गाडीत घालून कुठल्या तरी दूरच्या जंगलात सोडलं, असं सांगितलं. सोडलं असेल. मी काही बघायला गेले नव्हते. तो कुत्र्यासाठी वाट वाकडी करून गेला आणि शेळीसाठी पिंजऱ्यात शिरला, त्याच्यासाठी दोघांत काही फरक नव्हता. सगळ्या वस्तीत तेवढा एकच असा होता.

अंड्यांचं राहिलं. ब्रूनो गेल्यावरही अंडी कमीच मिळत होती. पंधरा दिवसांनी भर दुपारी मी भाकरी करत होते आणि एक मुंगूस डाल्याखालून अंडं ढकलत बाहेर घेऊन आलं. दगडावर आपटून फोडलं, खाल्लं, तोंड पुसलं आणि कवच तिथंच टाकून गेलं. तवा तापत होता, मी पीठ हातात घेऊन बघत बसले. मी मनीषाला फोन केला नाही. काय सांगणार होते?

करडू पुढं मोठं झालं. बोकड होता. बकरी ईदेच्या आधी शब्बीरभाईला दिला. दावं बदलताना मी बोकडाकडं बघितलं नाही, आणि तेव्हा मला नवरा आठवला.

मला आता माझाच संशय येतो. मी तांबडीला गप्प केलं ते तिच्यासाठी केलं, असं मी सांगते. पण पिंजऱ्यावरून पुढं सरकलेला बिबट्या कुठं जाईल हे मला खरंच कळत नव्हतं? ठसे दाराकडं येऊन फिरलेत हे मला सांगितलं होतं. आणि मी ब्रूनोला त्याच संध्याकाळी बाहेर बांधलं. कळत होतं की नव्हतं, हे ठरवता येत नाही. ज्वारी उभी असली की आतलं दिसत नाही.

काल शीतल आली तेव्हा तिनं पिंजऱ्यासाठी पुन्हा तांबडीच मागितली. तांबडी म्हातारी झाली आहे, पण आताही तिला दोन करडं आहेत आणि आवाज तोच आहे. मी शीतलला बसवलं, चहा दिला आणि मागच्या वेळचं सगळं सांगितलं. करडू, पदर, कडी, चार संध्याकाळी. ती चहा पीत ऐकत राहिली. झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं आजी. पिंजऱ्यात करडाच्या लेंड्या होत्या."

मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस?

ती म्हणाली, मी तुम्हाला कुत्रं आत बांधायला सांगितलं होतं. मला वाटलं तेवढं पुरंल.

मग तिनं वही काढली. नवीन पिंजरा लावायचा तर मागच्या वेळचा तपशील पुन्हा लिहावा लागतो म्हणाली. शेळी आहे का? आहे. करडू जगलं होतं का? त्या वेळी जगलं. बिबट्या जिवंत सोडला, ते तिलाच माहीत होतं. माणसांत कुणाला इजा? नाही. ती वही मिटायला लागली, तेव्हा मी म्हटलं, कुत्रा लिही. ती म्हणाली, त्याला रकाना नाही. मी म्हटलं, कडेला लिही.

तिनं कडेला लिहिलं, आणि मला वाचता येतं म्हणून वही माझ्याकडं फिरवली. लिहिलं होतं, ब्रूनो मेला. तांबडी, तिचं करडू, बिबट्या आणि मी, आम्ही चौघं जगलो.